नावाच्या अर्थाची फ्रेम: 'झेवियर' आधी चुकीचं आलं, मग बरोबर करून घेतलं

पाचपैकी तीन स्टार देतेय. नुसतं लाकूड आणि छपाई बघितली असती तर साडेचार दिले असते, पण ज्यासाठी पैसे मोजले ती गोष्ट, म्हणजे नावाचा अर्थ, तीच पहिल्या वेळेला चुकीची आली म्हणून तीन. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण अशा फ्रेम ऑनलाइन विकणारे आता बरेच झालेत आणि मी चार ठिकाणी बघितलं तर चारही ठिकाणी त्याच नावांना तेच अर्थ, शब्दसुद्धा तेच, त्यामुळे तुम्ही कुठूनही घेणार असाल तरी हे वाचून घ्या. विशेषतः घरात पोर्तुगीज किंवा स्पॅनिश वळणाचं नाव असेल तर, आणि आमच्या वसईत, गोव्यात ते असतंच.

भावाला मुलगा झाला, नाव ठेवलं झेवियर. मी आत्या, आणि बाप्तिस्म्याला गॉडमदर पण मीच, म्हणून मला असं काहीतरी द्यायचं होतं जे चांदीच्या वाटी-चमच्यासारखं कपाटात जाऊन बसणार नाही. झेवियरच का, तर त्याला कारण आहे. आमच्या पपांचं नाव इनास. इनास म्हणजे इग्नेशियस, पोर्तुगीज इनासियो, आमच्याकडे त्याचं इनास झालं, जसं सेबास्तियांवचं बस्त्याव झालं आणि कायतानोचं कायतान. आता लोयोलाचा इग्नेशियस आणि फ्रान्सिस झेवियर हे दोन संत पॅरिसमध्ये कॉलेजात एका खोलीत राहायचे, १५२९ पासून, साँत-बार्ब कॉलेजात, तिसरा पिएर फाव्र. भाऊ म्हणाला, पपा इनास आहेत तर नातू झेवियर, आजा-नातू रूममेट! पपा एवढे खूश झाले की दोन दिवस जो येईल त्याला तेच सांगत होते. मग मी ठरवलं, दोन फ्रेम करायच्या, एक पपांची एक बाळाची, शेजारी शेजारी लावायच्या.

ऑर्डर करणं सोपं होतं. नाव टाकायचं, लिपी निवडायची (देवनागरी, रोमन किंवा दोन्ही), लाकडाचा रंग निवडायचा, आणि खाली चार ओळींची जागा असते: अर्थ, मूळ भाषा, देश, त्या नावाची प्रसिद्ध माणसं. ही माहिती ते स्वतःच भरतात, आपल्याला फक्त नाव द्यायचं. एका फ्रेमचे चौदाशे पन्नास आणि डिलिव्हरीचे वेगळे, थोडी महाग वाटली पण घेतली. नवव्या दिवशी आली. पॅकिंग एकदम भारी, चारही कोपऱ्यांना थर्माकोल, वर बबल रॅप, काच नाही ॲक्रिलिक आहे त्यामुळे फुटायची भीती नाही, मागे खिळ्याला अडकवायला दोन हुक आणि टेबलावर ठेवायला पाय पण दिलाय. अक्षरं ठसठशीत, कडेला निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज टाइल्ससारखी नक्षी, ती तर सगळ्यांना आवडली.

आणि मधोमध लिहिलेलं: झेव्हिअर. अर्थ: तेजस्वी, चमकदार. मूळ: अरबी.

मी ते वाचून तशीच बसले. अरबी?

मला तेव्हा खरा अर्थ माहीत होता असं नाही, पण एवढं माहीत होतं की झेवियर हे आधी नावच नव्हतं, गावाचं नाव होतं. लहानपणी आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेलं की संत फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म झेवियरच्या किल्ल्यात झाला, ७ एप्रिल १५०६ ला, स्पेनच्या उत्तरेला नवारा म्हणून प्रांत आहे तिथे, तेव्हा ते वेगळं राज्य होतं. वडिलांचं आडनाव जासो, आईचं आस्पिलिकुएता, मग झेवियर कुठून आलं तर ते आईकडून आलेल्या त्या किल्ल्याचं. म्हणजे गावाच्या नावाचा अर्थ शोधला की माणसाच्या नावाचा मिळणार, ही साधी गोष्ट आहे आणि ती फ्रेमवाल्यांच्या यादीत कुणीच केली नाहीये.

माझ्या ऑफिसच्या टीममध्ये एकजण स्पेनच्या बास्क भागातल्या बिल्बाओचा आहे, रोज कॉलवर असतो. त्याला विचारलं तर तो ताबडतोब म्हणाला की हा आमचा शब्द आहे, बास्क भाषेतला, 'एचे' म्हणजे घर आणि 'बेर्री' म्हणजे नवीन, एचेबेर्री, नवीन घर. आणि म्हणाला माझ्या आईचं आडनाव एचेवेर्रिया आहे, ते पण तेच, नवीन घर. लॅटिन अमेरिकेतल्या बातम्यांत एचेवेर्रिया आडनाव ऐकलं असेल, किंवा चावार्री, तेही त्याच घरातले भाऊ. एकाच शब्दाची गावोगावी वेगवेगळी झीज झालीय.

मग मी मागेच लागले. आमच्या पॅरिशच्या फादरांकडे गेले, त्यांनी दोन जाडजूड कोश काढून दिले, आणि त्यांनी जे समजावलं ते मला फार आवडलं म्हणून इथे लिहितेच. बास्क भाषा ही युरोपातल्या कुठल्याच भाषेची नातेवाईक नाही, लॅटिनची नाही, कुणाचीच नाही, स्पॅनिश-फ्रेंच येण्याच्या आधीपासून त्या डोंगरात बोलली जाते. नवाराच्या त्या पट्ट्यात पूर्वी बास्क बोलायचे, नंतर शेजारच्या आरागोनकडची लॅटिनमधून आलेली बोली चढली. त्या बोलीत 'ए'चा 'इए' व्हायची खोड, लॅटिन 'तेर्रा'चं स्पॅनिशमध्ये 'तिएर्रा' होतं ना तसं. म्हणून एचेबेर्रीचा पुढचा 'ए' गळला, 'बेर्री'चं 'बिएर' झालं, आणि शाबिएर, शाव्हिएर असं नाव तयार झालं. आणि पुरावा काय, तर आरागोनच्या बाजूला उएस्का भागात हाविएर्रे नावाची गावं आजही आहेत, एक नाही, हाविएर्रेगाय, हाविएर्रेलात्रे, सगळी जुन्या काळातली 'नवीन घरं'. नवीन वस्ती झाली की लोक सगळीकडे हेच नाव ठेवतात. अरबी शब्द असता तर एवढ्या डोंगरातल्या गावांना, घराचा अर्थ असलेल्या बाकीच्या आडनावांच्या इतक्या जवळ, तो असा आला नसता.

संध्याकाळी जेवताना मी हे घरी सांगत होते. पपा ऐकत होते, मध्ये काही बोलले नाहीत, पोळीचा तुकडा तसाच हातात, आणि मग म्हणाले, "अगं बाय, म्हणजे आपलं नवघर!"

वसईबाहेरच्यांना सांगते, वसई रोड स्टेशन ज्या भागात आहे ते नवघर-माणिकपूर. पपांनी तीसेक वर्षं नवघरच्या एसटी स्टँडवरून ये-जा केली, केळी आणि फुलं घेऊन. नवघर भाईंदरला पण आहे, मुलुंडला पण आहे, उरणकडे पण आहे. आणि नवघरे आडनावाची माणसं तर अख्ख्या महाराष्ट्रात भेटतात. म्हणजे मराठीत झेवियर म्हणजे नवघरे! मी एवढे कोश बघितले आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, शाळा सातवीत सुटलेल्या पपांच्या डोक्यात क्षणात आलं. त्या रात्री मी फ्रेमवाल्यांना मेसेज केला की मला हे बदलून पाहिजे, पैसे नकोत, बरोबर अर्थ पाहिजे.

आता कस्टमर केअर. आधी तो ऑटोमॅटिक रिप्लाय येत राहिला, ऑर्डर नंबर टाका, तक्रारीचा प्रकार निवडा, आणि प्रकारांत 'माहिती चुकीची' असा पर्यायच नाही, 'तुटलेलं', 'रंग वेगळा', 'उशीर' एवढेच. दोन दिवस गेल्यावर व्हॉट्सॲपवर एक मुलगी बोलायला आली. ती नीट बोलली, उद्धट अजिबात नाही, पण तिचं म्हणणं असं की मॅडम सगळीकडे हाच अर्थ येतो, तुम्ही सर्च करून बघा. सर्च केलं की येतो हे खरंच आहे, बाळांच्या नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, एकीत चूक झाली की शंभरात जाते. मी तिला कोशाच्या पानांचे फोटो पाठवले, गावांची नावं पाठवली, एचेवेर्रियाचं सांगितलं. तिने वरिष्ठांना विचारते म्हणून सांगितलं, आणि चौथ्या दिवशी उत्तर आलं की फुकट छापून देतो, फक्त जुनी फ्रेम परत पाठवायचं कुरियर तुमच्याकडे. चूक त्यांची असताना कुरियर मी का भरायचं हे मला पटलं नाही, आणि कापलेल्या स्टारांपैकी अर्धा स्टार त्यासाठीच गेलाय. पण भरलं, बाप्तिस्म्याला तीन आठवडे उरलेले.

दुसऱ्यांदा छापायला देताना मी प्रत्येक ओळ स्वतः लिहून दिली, आणि तिथे उच्चाराचा प्रश्न आला. त्यांनी झेव्हिअर लिहिलेलं, आमच्याकडे झेवियर लिहितात, बोलतात. पण मूळ उच्चार काय? तर हे एकच नाव इतक्या तोंडांनी बोललं जातं की मी मोजतच राहिले. पोर्तुगीजमध्ये शाव्हिएर, गोव्यात कोंकणीत शावियेर. बास्कमध्ये शाबिएर. स्पॅनिशमध्ये हाविएर. फ्रेंच लोक ग्झाव्हिए म्हणतात, इटलीत साव्हेरिओ, तमिळनाडूत सवेरियार. झेवियर हा इंग्रजी शाळांतून आलेला उच्चार, मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ पासूनचं आहे, तिथून तो आपल्या सगळ्यांच्या कानात बसला.

स्पॅनिशमध्ये 'श'चा 'ह' कसा झाला याची पण गंमत आहे. त्या संतांच्या काळात स्पॅनिशमध्ये पण ते एक्स अक्षरानेच लिहायचे आणि 'श' म्हणायचे. नंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत तो आवाज घशात मागे गेला, आपल्या 'ख' आणि 'ह'च्या मधला झाला, आणि मग १८१५ मध्ये स्पॅनिश अकादमीने नियम केला की या आवाजाला एक्स (X) नको, जे (J) लिहा. म्हणून आज स्पेनमध्ये जे ने सुरू होतं आणि पोर्तुगालमध्ये एक्स ने. मेक्सिकोवाल्यांनी आपल्या देशाच्या नावातला एक्स ठेवला पण म्हणतात मेहिकोच. म्हणजे दोन्ही स्पेलिंगं बरोबर, एक दुसऱ्याचं बिघडलेलं रूप नाही. आपल्याकडे एक्सवालं आलं कारण आपल्याकडे पोर्तुगीज आले, सरळ आहे. वसई त्यांच्याकडे गेली १५३४ मध्ये आणि चिमाजी अप्पांनी घेतली १७३९ मध्ये, त्या दोनशे वर्षांत ही नावं इथल्या मातीत रुजली आणि मग पोर्तुगीज गेले तरी नावं राहिली.

मी शेवटी देवनागरीत झेवियर आणि खाली बारीक अक्षरात शाव्हिएर असं दोन्ही छापायला सांगितलं. त्यांनी केलं.

'प्रसिद्ध माणसं' या ओळीत पहिल्या वेळेला एका हॉलिवूड सिनेमातलं पात्र होतं. मुलांना ते आवडतं मला माहितीय, दुसऱ्या भाच्याने तर नको काढू म्हणून हट्ट केला, पण बाप्तिस्म्याची भेट आहे आणि ज्यांच्यामुळे हे नाव जगात गेलं त्यांचंच नाव नसावं? झेवियर हे माणसाचं पहिलं नाव झालं तेच त्यांच्यामुळे. ते ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले, तिथून मच्छीमारांच्या किनाऱ्यावर तमिळ लोकांत, मलाक्काला, जपानला गेले, आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या दारात, एका बेटावर वारले, सेहेचाळीस वर्षांचे. त्यांना १२ मार्च १६२२ ला संतपद मिळालं, त्याच दिवशी लोयोलाच्या इग्नेशियसनाही, म्हणजे परत रूममेटच! त्यानंतर लोक मुलांची नावं फ्रान्सिस्को हाविएर अशी जोडीने ठेवायला लागले, आणि हळूहळू फ्रान्सिस्को सुटून नुसतं हाविएर उरलं. मुलींचं हाविएरा झालं, चिलीमध्ये ते आजही खूप असतं, त्यांच्या स्वातंत्र्याच्या काळातली हाविएरा कार्रेरा तिकडे सगळ्यांना माहीत. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९८२ ते १९९१ सरचिटणीस होते ते पेरूचे हाविएर पेरेस दे कुएयार. ब्राझीलमध्ये ते आडनाव म्हणून पण आहे, तिरादेन्तेस म्हणून ज्यांना ओळखतात, ज्यांना २१ एप्रिल १७९२ ला फाशी दिलं आणि तो दिवस तिकडे सुट्टीचा आहे, त्यांचं खरं नाव जोआकिम जोसे दा सिल्वा शाव्हिएर. मी संत आणि पेरेस दे कुएयार अशी दोन नावं टाकली, जागा तेवढीच होती.

एक गोष्ट फ्रेमवर मावली नाही ती इथे लिहिते कारण ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाहीये. कास्तील या शेजारच्या स्पॅनिश राज्याने नवारा १५१२ मध्ये जिंकलं. संतांचे वडील १५१५ ला वारले. आणि १५१६ मध्ये, हा मुलगा दहा वर्षांचा असताना, वरून हुकूम आला आणि त्याच्या घराचे, त्या किल्ल्याचे बुरूज पाडले, तट पाडले, खंदक बुजवले. ज्याच्या नावाचा अर्थच नवीन घर, त्याने डोळ्यांसमोर घर पडताना बघितलं. मोठे भाऊ नवाराच्या बाजूने लढायला गेले, आणि १५२१ ला पाम्प्लोनाच्या ज्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला त्या लढाईत इग्नेशियस कास्तीलच्या बाजूने होते, झेवियरचे भाऊ समोरच्या बाजूने. आठ वर्षांनी पॅरिसमध्ये हे दोघे एका खोलीत राहतात आणि जन्माचे मित्र होतात! किल्ल्याची पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डागडुजी झाली, आता मार्च महिन्यात नवाराचे लोक हजारोंनी चालत तिथे जातात, हाविएराडा म्हणतात त्याला, आपल्या वारीसारखं पायी. जुन्या गोव्यात त्यांचं शव ठेवलंय, त्याचं गेल्या वेळचं दर्शन, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, त्याला आम्ही सगळे गेलो होतो, वहिनीला तेव्हा दिवस गेले नव्हते, तिने रांगेत उभं राहून काय मागितलं ते तिलाच माहीत.

दुसरी फ्रेम बाप्तिस्म्याच्या चार दिवस आधी आली. नाव बरोबर, अर्थ: नवं घर, नवघर. मूळ: बास्क. देश: नवारा, स्पेन. 'नवघर' शब्द मी मुद्दाम टाकायला लावला, त्या मुलीने विचारलं पण मॅडम हे गावाचं नाव आहे ना, म्हटलं हो, झेवियर पण गावाचंच आहे. छपाई पहिल्यासारखीच स्वच्छ. फक्त टाइल्सच्या नक्षीतला निळा पहिल्यापेक्षा फिका आलाय, दोन्ही शेजारी ठेवल्या असत्या तर कळलं असतं, एरवी नाही.

पपांची फ्रेम मात्र अडकलीय. तिच्यावर फ्रेमवाल्यांनी लिहिलेलं 'अग्नी, लॅटिन', आणि तेही अर्धंच बरोबर निघालं. लॅटिनमध्ये 'इग्निस' म्हणजे आग हे खरं, आणि आपला अग्नी शब्द त्याचा सख्खा नातेवाईक हेही खरं. पण इग्नेशियस हे नाव रोमच्या एग्नाशियस नावाच्या जुन्या घराण्याचं, आगीशी ते नंतर जोडलं गेलं, कानाला जवळ वाटलं म्हणून. आणि अजून एक, लोयोलाच्या त्या संतांचं जन्माचं नाव इग्नेशियस नव्हतंच, इन्यिगो होतं, बास्क एनेको, त्याचा अर्थ बहुतेक जाणकार 'माझा छोटा', 'माझं बाळ' असा लावतात. ती दोन वेगळी नावं, त्यांनी मोठेपणी बदललं. मी पपांना विचारलं काय लिहू, आग लिहू की घराणं लिहू की माझं बाळ? त्यांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, जे खरं आहे ते सगळं लिही, जागा कमी पडली तर आग काढ.

घेणार असाल तर एवढं करा. ऑर्डरच्या वेळीच मेसेज करून सांगा की छापायच्या आधी मजकूर मला दाखवा, ते दाखवतात, फक्त वेबसाइटवर तसं लिहिलेलं नाही. पोर्तुगीज नाव असेल तर अर्थाची ओळ स्वतः लिहून द्या आणि ते मूळ गावाचं नाव आहे का, घराण्याचं आहे का, की कुठल्या संताचं, ते आधी बघा, आपल्या घरातलं म्हातारं माणूस किंवा पॅरिशचे फादर यांना विचारा. याद्यांमध्ये सगळ्या नावांचा अर्थ तेजस्वी, शूर किंवा राजा असाच असतो, आणि घर, गाव, नदी, झाड असे अर्थ त्यांना कमी वाटतात बहुतेक. आम्हाला तर घरच पाहिजे होतं. आणि तारीख असेल तर महिनाभर आधी मागवा, माझ्यासारखी धावपळ करू नका.

पपांचा मजकूर परवा पाठवलाय, आग काढली नाही, छोट्या अक्षरात बसवली. पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणालेत. आली की रंग जुळतोय का बघून इथेच खाली लिहीन, आणि नीट आली तर चौथा स्टार देईन.